मन्नूचा रोजा

आमच्या मन्नू मांजरीच्या पोटाखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. मांजरींमध्ये स्तनाच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या निघतात; लहान असतानाच काढावी, असे डॉक्टरांनी सांगितले. मोहल्ल्यात कुणी म्हणाले, "मांजरीवर एवढा खर्च?" मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. आणि आम्हाला तर मन्नूला रात्रभर उपाशीच ठेवायचे होते. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. आम्ही रोजा धरतो तो नियत करून. ती मात्र वाटीच्या रिकाम्या जागेपाशी बसून ओरडत राहिली. उपासामागची माया मुक्या जिवाला कशी सांगावी?

ऑपरेशननंतर तिला उबेत, जमिनीवरच ठेवले. उडी मारली तर टाके उसवतात. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. शेजारच्या खालांनी दुखण्यावर पॅरासिटामॉलची गोळी आणून दिली. मांजरीला ती विष ठरते, म्हणून आम्ही अदबीने परत केली. अम्मी चमच्याने भरवीत. बाराव्या दिवशी टाके निघाले.

गाठीचा रिपोर्ट अजून यायचा आहे. वाटी वाजली की मन्नू धावत येते. त्या रात्रीचा राग तिने धरलेला नाही.