पोच दे

धाड, ता. बुलढाणा

प्रिय सखे,

मागचं पत्र मिळालं की नाही, तू काहीच कळवलं नाहीस, म्हणून हे दुसरं टाकते आहे. पोच आली नाही तर थोडं थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं, हा माझा गेल्या तीन महिन्यांतला अभ्यासच आहे.

सांगते. जुलैपासून मी ‘स्वयम्’ पोर्टलवर कॉम्प्युटर नेटवर्क शिकते आहे. आयआयटी खरगपूरचे सौम्य कांती घोष आणि संदीप चक्रवर्ती हे दोन प्राध्यापक शिकवतात. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम, दर आठवड्याला गृहपाठ. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तर 1,000 रुपये. ती मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणजे पहाटेची एसटी पकडून संभाजीनगर. बारावीनंतर तू पुण्याला गेलीस आणि मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं, ते आठवतं ना? त्या विद्यापीठाचं ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य मला तेव्हा भिंतीवर लिहायच्या वाक्यांसारखं वाटायचं. आता सासरच्या ओट्यावर मोबाइल तांब्याला टेकवून आयआयटीचं व्याख्यान ऐकते, तेव्हा 1989 साली ते विद्यापीठ उभं करणाऱ्या राम ताकवले सरांची आठवण येते. घर न सोडता शिकता येतं, हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांना त्यांच्यामुळे पहिल्यांदा कळलं.

व्याख्यानं इंग्रजीत आहेत. पहिले दोन आठवडे डोळ्यांत पाणी यायचं. मग मी वेग कमी करून ऐकायला लागले आणि वहीत सगळं मराठीत लिहायला लागले. पहाटे चारला उठून व्हिडिओ उतरवून ठेवते, कारण तेव्हा रेंज मोकळी असते. लाईन गेली तरी मग दिवसभर अडत नाही.

सगळ्यात जास्त अडले ती सबनेटिंगला. 256 पत्त्यांचे चार भाग केले तर एकेकात 64 पत्ते येतात, पण वापरायला मिळतात 62. दोन जातात कुठे? दोन दिवस डोकं धरून बसले होते. मग मी सांभाळते त्या सेवा केंद्रावर एका आजोबांचा सातबारा काढून देताना लख्ख प्रकाश पडला. हे तर पोटहिस्से आहेत! वावराच्या वाटण्या केल्या की बांधात जमीन जातेच. तसा इथे पहिला पत्ता त्या हिश्श्याच्या नावाला जातो आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, म्हणजे दवंडीला, राखून ठेवतात. उरले ते कसायचे. त्या रात्री मी वीस गणितं सोडवली गं, एकही चुकलं नाही.

डीएनएसचंही तसंच. गावात कुणी गट नंबर सांगत नाही, ‘चिंचेचं वावर’ म्हटलं की माणूस बरोबर पोचतो. पण कागदावर गट नंबरच लागतो. नावावरून नंबर सांगणारी जी वही, ती डीएनएस. आणि तिनेच जुलैत आमचा जीव टांगणीला लावला होता.

पीकविम्याची मुदत संपायला तीन दिवस होते. ओट्यावर पंचवीस-तीस माणसं, कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या पासबुक, आणि एकही साइट उघडेना. एरवी मी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणून मोकळी झाले असते. ‘उद्या या’ म्हणजे पलीकडच्या खेड्यातल्या माणसाचा अख्खा रोज बुडतो, हे ठाऊक असूनही म्हणत आले होते, कारण दुसरं काही सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मी खालून वर तपासत गेले. राउटरचे दिवे ठीक. राउटरला पिंग केलं, उत्तर आलं. बाहेरच्या 8.8.8.8 या डीएनएस सर्व्हरला पिंग केलं, तिथूनही उत्तर आलं! म्हणजे वायर चांगली, रस्ता चांगला. नावाने हाक मारली, तर पत्ताच सापडेना. रस्ता चालू होता, फक्त ती वही सांभाळणारा गप्प झाला होता. सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसचा पत्ता हाताने 8.8.8.8 टाकला आणि साइट उघडली. रात्री साडेनऊला शेवटचा अर्ज भरून उठले.

मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट ऐक. खालचं जाळं कसलीच हमी देत नाही. माहितीचं पाकीट पोचेल, हरवेल, मागचं पुढे येईल. 1974 साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी जी रीत मांडली, तिच्यात जबाबदारी दोन टोकांवर आहे. मिळालं की पोच द्यायची, पोच आली नाही की पुन्हा पाठवायचं. बोलायला सुरुवात करण्याआधी तर तीन निरोप: ‘ऐकू येतंय का?’, ‘येतंय, तुला येतंय का?’, ‘हो, बोल.’ मधला रस्ता कच्चा आहे हे धरूनच सगळं बांधलेलं आहे, म्हणून ते धाडपर्यंत येऊन पोचलं.

काल, तू आता राहतेस त्या बर्लिनच्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरपर्यंत ट्रेसरूट काढला. त्यात पाकिटावर आधी 1 आकडा घालतात. प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो आणि शून्य झालं की पाकीट टाकून देऊन ‘माझ्याकडे संपलं’ असा निरोप उलट धाडतो. मग 2, मग 3. असा एकेक टप्पा कळत जातो. पहिला टप्पा माझ्या टेबलावरचा राउटर, पुढे मुंबई, मग नुसत्या चांदण्या, कारण काही राउटर निरोप देतच नाहीत. शेवटी तुझं गाव! जाऊन-येऊन 170 मिलिसेकंद. मी वहीत हिशोब मांडला: सरळ रेषेत सुमारे 6,400 किलोमीटर, काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 64 मिलिसेकंद पुरायला हवेत. बाकीचा वेळ समुद्राच्या तळच्या वळणांत आणि मधल्या थांब्यांत जात असणार. मका काढायला सगळे वावरात गेलेले, घरात मी एकटी, आणि त्या शेवटच्या ओळीकडे किती वेळ बघत बसले होते!

आता तुझ्याकडे एक काम आहे. तिकडून आयआयटी मुंबईच्या साइटपर्यंत असाच ट्रेसरूट काढ आणि मला पाठव. जायची वाट आणि यायची वाट एकच असते असं नाही, असं सरांनी सांगितलंय. मला दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत. परीक्षा पुढच्या रविवारी आहे, त्याआधी पाठवलंस तर बरं.

आणि हे पत्र मिळाल्याची पोच दे.

तुझी,
धाडची मैत्रीण