देठाची फुले

परसात जास्वंद, तगर आणि अनंत, विहिरीच्या काठी सोनचाफा आणि देवळाच्या वाटेवर पहाटे पडलेला बकुळीचा सडा, एवढे वैभव ज्याला जन्मतःच विनामूल्य लाभले, त्या कोकणी माणसाला फूल विकत घेण्याचा प्रसंग पूर्वी क्वचितच येई. तरीही चैत्राच्या सुमारास रत्नागिरीच्या रामआळीत सुरंगीचे वळेसर आणि अबोलीचे गजरे घेऊन बायका बसत, आणि आई त्यातला एखादा वळेसर पानात गुंडाळून घेई, तेव्हा त्या मत्त सुवासात घरापर्यंतची वाट केव्हा सरली हेही मला कळत नसे. ही फुले देठासह खुडलेली नसत, त्यामुळे ती पाण्यात ठेवून जगवावी असा विचार कोणाच्या मनात येत नसे. अबोली ओल्या फडक्याखाली दुसऱ्या दिवसापर्यंत टिके, सोनचाफा संध्याकाळी तांबूस पडे, आणि बकुळ सुकल्यावरही गंध सोडीत नसल्यामुळे तिला कपड्यांच्या पेटीत स्थान मिळे. ज्याच्या त्याच्या आयुष्याची मर्यादा अशी ठरलेली होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

देठाच्या फुलांचा परिचय मला कचेरीत झाला. बदली होऊन जाणाऱ्या अंमलदाराला हार, श्रीफळ आणि अत्तरगुलाब देण्याचा जुना शिरस्ता मागे पडून पुष्पगुच्छाचा रिवाज सुरू झाला, आणि निशिगंधाच्या छड्या, ग्लॅडिओलस, पुढे जरबेरा आणि कार्नेशन अशी परदेशी कुळातील फुले घाट उतरून आमच्या दमट, खाऱ्या हवेत येऊ लागली. गुच्छ आणण्याची कामगिरी बहुधा माझ्याकडे येई, म्हणून पारख करणे भाग पडले: छडीवर खालची दोन-तीन फुलेच उमललेली असावीत, गुलाबाची कळी बोटांना घट्ट लागावी, आणि देठाचे टोक बुळबुळीत नसावे.

खुडलेले फूल मेलेले नसते, ते तहानलेले असते, हे मला वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका शेजाऱ्यांनी समजावून दिले. देठ कापताच त्यातील सूक्ष्म जलवाहिन्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. म्हणून टोक पाण्याखाली धरून पुन्हा तिरके छाटावे. फुलदाणीतील पाण्यात बुडालेली पाने कुजली की जंतू वाढून त्याच वाहिन्या बुजवितात; म्हणून ती पाने आधीच काढावी आणि पाणी रोज बदलावे. जरबेऱ्याचा मऊ, लवदार देठ मात्र खोल पाण्यात सडतो, त्याला दोन-तीन बोटे पाणी पुरे.

एवढा बंदोबस्त करूनही वैशाखात आमच्या माजघरातील कार्नेशनच्या पाकळ्या एका रात्रीत आत मिटून जात, आणि याचे कारण शेजारच्याच खोलीत, भाताच्या पेंढ्यात घातलेल्या हापूसच्या अढीत होते, हे कळल्यावर मी विस्मित झालो. पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. तोच वायू फळाला पिकवितो आणि फुलाला अकाली म्हातारपण आणतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव्ह यांनी 1901 मध्ये दिव्याच्या गॅसमधील याच वायूने वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात हे दाखविले; क्रॉकर आणि नाइट यांनी 1908 मध्ये त्याचा कार्नेशनवरील परिणाम प्रसिद्ध केला; आणि पिकणारे फळ स्वतःच हा वायू निर्माण करते हे गेन यांनी 1934 मध्ये सिद्ध केले. आमच्या आज्यांनी मात्र एका पिकलेल्या आंब्याच्या संगतीने अढीतील बाकीचे आंबे लवकर धरतात हे केव्हाच ओळखले होते! ज्या सुवासाने रत्नागिरीचे घर वैशाखात भरून जाते, त्याच्याच सोबतीने फुलांचे आयुष्य सरावे, हे मला अजूनही हळहळण्यासारखे वाटते.

त्याहून अधिक हळहळ वाटते ती सभागृहांतून. सत्कार होतो, छायाचित्र निघते, आणि शेकडो रुपयांचे गुच्छ पारदर्शक कागदात गुदमरत टेबलावर तसेच राहतात. शेतकऱ्याने महिनोन् महिने जोपासलेल्या फुलाची ही अवहेलना मला अक्षम्य वाटते. लग्नसराई आणि आंबा आपल्याकडे एकाच ऋतूत येतात. तेव्हा यंदा घरी गुच्छ आला तर त्याच रात्री त्याचा कागद सोडा, देठ छाटून पाण्यात ठेवा, आणि फुलदाणी अढीपासून शक्य तितकी दूर, ओटीवर न्या.