नेटवर्क नाही, म्हणे!

आमच्या जोयडा तालुक्यात कुठल्याही अडचणीचे एक ठरलेले उत्तर आहे. बँकेत भरलेले पैसे खात्यावर दिसत नाहीत, नेटवर्क नाही. रेशनला गेलेल्या म्हातारीचा अंगठा यंत्र घेत नाही, नेटवर्क नाही. पूर्वी हा मान शनी-मंगळाकडे होता, आता तो टॉवरकडे गेला आहे, एवढाच फरक. मराठीत 'रेंज नाही' आणि कन्नडात 'नेटवर्क इल्ल'. दोन भाषांचे इतर बाबतीत काहीही असो, या एका मुद्द्यावर आमचे संपूर्ण एकमत आहे!

तसे ते अगदीच खोटे नव्हे. कुळगी दांडेलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, भर जंगलात. या जंगलाला २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. आमच्या गावच्या निसर्ग शिबिरात शहरातली मंडळी पैसे भरून येतात आणि "इथे रेंज नाही, किती शांत!" म्हणून खूश होतात. ती चैन आम्हाला बारमाही आणि फुकट. खाली नागझरीला काळी नदीच्या पाण्यावर वीज तयार होते, आणि पावसाळ्यात तारेवर झाड पडले की आम्ही दोन-दोन दिवस चिमणीच्या उजेडात बसतो. मी दहावीला होतो ते कोरोनाचे वर्ष. परीक्षा १९ आणि २२ जुलै २०२१ अशी दोनच दिवस, पर्याय निवडायच्या प्रश्नांची झाली. पण त्याआधीचा बराचसा अभ्यास आम्ही रस्त्याच्या वळणावर, जिथे दोन कांड्या रेंज येते तिथे, छत्री धरून केला. तेव्हा नेटवर्कची बाजू मी मुळीच घेत नाही. माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक वेळी गुन्हेगार तोच असतो असे नाही.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारची मुलगी दुसऱ्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. तिथे अंतर्गत गुणांसाठीची एक चाचणी संकेतस्थळावर द्यायची होती, दहा गुणांची. शनिवारी रात्री बारापर्यंत. गुरुवारी संध्याकाळी ती फोन घेऊन आली. मागोमाग तिचे बाबा.

"दादा, बघ ना, पान उघडतच नाही."

पडद्यावर लाल त्रिकोण आणि इंग्रजी वाक्य : युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट. काकांनी तेवढा एक शब्द ओळखला होता. ते गंभीरपणे म्हणाले, "सरकारी कॉलेजात घातली म्हणून म्हणतो काय रे हा? प्रायव्हेटवाल्यांनाच उघडते का?"

मी हसलो नाही. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तो अर्थ लागला तर त्यात नवल काय? शिवाय त्यांच्या मनात दुसरेच चालले होते. कॉलेजात विचारले तर 'तुमच्याकडे नेटवर्क नसेल' म्हणाले. बाजारातल्या फोन दुकानदाराने फोन उलटासुलटा करून 'हा गेला, नवा घ्या' असा निकाल दिला. नवा म्हणजे आठ-नऊ हजार, आणि सुपारीचे पैसे यायला दिवाळी उलटणार. काका अंगणात उभे राहून म्हणाले, "पहिल्याच वर्षी हे, तर पुढे काय? त्यापेक्षा घरी बसून शिवण तरी शिकेल." मुलगी काही बोलली नाही. फोनवरचा हात तेवढा काढला नाही.

आता पाहा, यूट्यूब त्याच फोनवर चालत होते. बँकेचे पान उघडत होते. म्हणजे नेटवर्क सुटले! माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला तरी तिच्या फोनवर तोच त्रिकोण, आणि माझ्या फोनवर तेच पान सरळ उघडे. म्हणजे कॉलेजचे संकेतस्थळही सुटले. उरला फोन. आमच्याकडे पहिला संशय घड्याळावर जातो. वीज जाऊन बॅटरी पार संपली, की काही फोन जागे होतात ते थेट १ जानेवारी १९७० या तारखेला. संगणकांचा काळ तिथूनच मोजतात. मग १९७० सालात बसलेल्या फोनला २०२४ चे प्रमाणपत्र 'अजून जन्मलेच नाही' असे वाटते आणि तो पान नाकारतो. पण तसे असते तर बँकेचे पानही अडले असते. तारीख पाहिली, बरोबर होती. साठवलेली जुनी माहिती पुसून पाहिली. काही नाही.

मग त्या त्रिकोणावर बोट ठेवून आत काय लिहिले आहे ते वाचले : प्रमाणपत्र देणारा अधिकारी मान्य नाही. एवढा धागा धरून दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या संगणकावर शोधले, आणि जे सापडले ते आम्हा कॉमर्सवाल्यांच्याच गल्लीतले निघाले!

बँकेत नमुना सह्यांचे पुस्तक असते ना? धनादेशावरची सही त्यातल्या सहीशी जुळली तरच पैसे. प्रत्येक फोनात तसेच एक पुस्तक असते. कोणकोणत्या संस्थांची सही खरी मानायची, याची ती यादी. संकेतस्थळ उघडताना फोन आधी त्याचे प्रमाणपत्र पाहतो, आणि सही यादीत नसली तर दार लावून घेतो. २०१५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने अशी प्रमाणपत्रे सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली, म्हणून लहानसहान संस्थांना ती परवडू लागली. पण अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या पुस्तकात या नव्या संस्थेची सही नाही. म्हणून एका जुन्या संस्थेने तिला जामीन दिला होता. ती जुनी सही ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. तरी जुन्या फोनांसाठी खटपट करून जामिनाची मुदत तीन वर्षे वाढवून घेतली गेली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो जामीन हळूहळू काढून घेण्यात आला आणि ३० सप्टेंबरला पूर्ण संपला. शेजारचा फोन अँड्रॉइड ६ चा. जामीनदार गेला, फोनने ओळख नाकारली. फोन बिघडला नव्हता. त्याच्या पुस्तकात नवे पान कोणी चिकटवले नव्हते, इतकेच.

दुकानदाराने जाता जाता एक सल्ला दिला होता, 'पुढे जा' असे दाबून टाका म्हणून. तो मी ऐकला नाही. तिथे मुलीला आपला पासवर्ड द्यायचा होता. ओळख न पटलेल्या माणसाच्या हाती किल्ली कोण देतो?

उपाय मात्र सोपा निघाला. फायरफॉक्स हा ब्राउझर फोनच्या पुस्तकावर विसंबत नाही, सह्यांची यादी स्वतःची स्वतः बाळगतो. आणि तेव्हा तो अँड्रॉइड ६ वर चालत होता. सोपा, पण तो उतरवून घ्यायला रेंज हवी! शनिवारी दुपारी पावसात आम्ही तिघे रस्त्याच्या वळणावर गेलो. काकांनी छत्री फोनवर धरली, स्वतः भिजले. एकदा निम्म्यावर तुटले, पुन्हा पहिल्यापासून. साडेचारच्या सुमारास पान उघडले. त्रिकोण नाही, काही नाही. कॉलेजचे नाव आणि खाली नाव-पासवर्डाच्या दोन चौकटी.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आता झाला काय प्रायव्हेट?"

"झाला, काका."

चाचणी तिने तिथेच, मैलाच्या दगडावर बसून दिली. दहापैकी आठ मिळाले. एक प्रश्न विनिमयपत्रावरील पृष्ठांकनाचा होता आणि नेमका तोच चुकला, याचे मला अजून वाईट वाटते!

तो फोन त्यानंतर वर्षभर चालला. २०२५ च्या ऑक्टोबरपासून फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्याही अँड्रॉइड ८ च्या खालच्या फोनांना मिळेनाशा झाल्या. पण तोवर सुपारी विकून झाली होती, आणि मुलगी दुसऱ्या वर्षात गेली होती. जुना फोन आता काकांकडे आहे. त्यावर ते हवामान बघतात, आणि काही उघडले नाही की पहिल्यांदा तारीख तपासतात.