आधी स्वर, मग वाद्य

“फादर, बँड शिकून मुलाचा अभ्यास बुडणार नाही ना?” पालक मला विचारतात. गोव्याच्या जुन्या पॅरिश शाळांत वाद्य लगेच हाती पडत नसे. मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, आधी कागदावरचे स्वर गळ्याने म्हणवून घेई, हाताने ताल धरायला लावी. गळ्यात बसले तेच पुढे व्हायोलिनवर उतरे. याच परंपरेत वाढलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

प्रत्येक मूल असे वादक होणार नाही. परंतु आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजत गप्प राहणे आणि शेजाऱ्याचा सूर ऐकून आपला आवरणे, हे बँडमध्ये त्याला शिकावेच लागते. ज्या घरात सारेच एकदम बोलतात, तेथे हा अभ्यास कमी मोलाचा कसा म्हणावा?