कनवटीचा जुडगा

दसरा झाला की त्याचं वजन वाढायला लागतं. बीड जिल्ह्याच्या बालाघाटी पट्ट्यात, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून मुकादमाची उचल घेतलेले कोयते ऊसतोडीला निघायला लागतात. एक कोयता म्हणजे एक नवराबायको. ट्रॉलीत चूलभांडी, पिठाचं पोतं, शेळी, धाकटं लेकरू असं सगळं चढतं. दाराची कडी कोयंड्यात बसते, कुलूप लागतं. ट्रॅक्टर हॉर्न देत असतो, तरी बाई आधी धावत शेजारच्या ओट्यावर येते. "आजे, एवढी किल्ली ठिव. आल्यावर घिऊत." आजी कनवट सैल करते आणि तो बाहेर येतो.

तो म्हणजे तिचा किल्ल्यांचा जुडगा. एवढा विचार करून घडलेली वस्तू माझ्या पाहण्यात कमी आहे, म्हणून त्याच्याविषयी लिहावंसं वाटतं.

चार बोटं लांबीची जाड सेफ्टी पिन हा त्याचा कणा. पिनेच्या मागच्या वेटोळ्यातून काळा नाडा ओवलेला आणि नाड्याचं दुसरं टोक कमरेभोवती बांधलेलं. त्यामुळं तो हातातून निसटला तरी जमिनीवर पडत नाही, गुडघ्यापाशी लोंबतो. उन्हाळ्यात पिनेवर घरच्या चार-दोन किल्ल्या असतात. दिवाळी उलटेपर्यंत सबंध आळी त्याच्यावर येऊन बसते. दिसायला तो देखणा नाही. चिंध्या, गाठी, बटणं यांतून किल्ल्या अर्ध्यामुर्ध्या डोकावतात. पण त्याच्यावरची एकही चिंधी उगाच नाही.

त्याच्याआधी या जागेवर पोलादी कडी होती, जत्रेत मिळते तशी, खाली देवाच्या फोटोचा बिल्ला लटकलेली. किल्ल्यांसाठी जगभर हीच कडी चालते. स्प्रिंगच्या तारेचे दोन वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. एकदा आत गेलेली किल्ली आपोआप बाहेर येत नाही, हा तिचा मोठा गुण. पण किल्ली आत घालायची कशी? दोन वेढ्यांच्या फटीत नख रोवायचं, फट उघडी धरायची, दुसऱ्या हातानं किल्लीचं भोक तारेच्या टोकावर आणायचं आणि मग ती वेढ्यावेढ्यानं सरकवत आत न्यायची. सगळी भिस्त नखावर. आजीनं उमेदीचे सगळे हंगाम उसाच्या फडात काढलेत. पाचटानं चिरलेले, कोयत्याच्या मुठीनं घट्टे पडलेले ते हात आहेत, आणि आता बोटांचे सांधेही धरलेत. ज्या हातांसाठी ती कडी बनली होती, ते हात हे नव्हेत.

यात तारेच्या जाडीचा वाटा फार मोठा आहे. गोल तार वाकवायला लागणारा जोर तिच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. कडीचा घेर तोच ठेवून दीड मिलिमीटरऐवजी दोन मिलिमीटरची तार वापरली तर डोळ्यांना फारसं कळत नाही, पण वेढे उघडायला तिपटीहून जास्त जोर लागतो. जाड केली तर ती उघडत नाही, बारीक केली तर फाकते आणि किल्ली सांडते. काही कड्यांमध्ये तारेचं टोक किंचित उचलून ठेवलेलं असतं. त्यानं फट सापडते, पण पुढची झटापट उरतेच. आजीला एखादी किल्ली ओवायची असली की नातू शाळेतून येईपर्यंत थांबावं लागे. तोवर किल्ली पदराच्या गाठीत. अशीच एक गाठ धुण्यात सुटली, किल्ली गेली, आणि परतलेल्या शेजाऱ्याला स्वतःच्या दाराचं कुलूप दगडानं फोडावं लागलं. त्या दिवसानंतर कडी गेली आणि पिन आली.

पिन कुठून आली हे सांगायला नको. आपल्याकडच्या बाया मंगळसूत्राला, बांगडीला पिना अडकवून ठेवतात. काटा काढायला, पदर टाचायला, तुटलेली चप्पल जोडायला त्या लागतात. अमेरिकेतल्या वॉल्टर हंट नावाच्या कारागिरानं १८४९ साली या पिनेचं पेटंट घेतलं आणि त्याचे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. त्यानं दोन गोष्टी एका तारेत बसवल्या होत्या. मागचं वेटोळं स्प्रिंगचं काम करतं आणि पुढची टोपी टोक झाकते. अंगठ्यानं दाबलं की पिन उघडते, सोडलं की मिटते. नखाची गरज नाही, फट शोधायची नाही, किल्ली सरळ टोकावरून आत जाते. आजीच्या हाताला जे हवं होतं ते शेजारणीच्या बांगडीवर लोंबत होतं, आणि तिनं ते ओळखलं. याला मी रचनाच म्हणतो. कागदावर आराखडा काढला नाही म्हणून ती कमी ठरत नाही.

लुगड्याला खिसा नसतो. किल्ली बाळगायच्या साधनांचा इतिहास बराचसा या एका अडचणीतून आलेला आहे. रोमन लोकांच्या वस्त्रांनाही खिसे नव्हते, म्हणून लहान पेट्यांच्या किल्ल्या ते अंगठीलाच जोडून घडवत आणि बोटात घालत. युरोपातल्या घरमालकिणी कमरेच्या पट्ट्याला साखळ्या लावून त्यांवर किल्ल्या, कात्री, सुयांची डबी बाळगत. आपल्याकडे चांदीचा छल्ला आला. त्याचा आकडा कमरेला खोचायचा आणि खाली किल्ल्या नि घुंगरं सोडायची. सासूच्या कमरेचा छल्ला सुनेकडे येणं ही घरातली मोठी गोष्ट असे. छल्ला दिसावा, वाजावा म्हणूनच घडवलेला असतो, कारण त्यावर आपल्याच घराचा कारभार असतो.

आजीच्या जुडग्यावर दुसऱ्यांची घरं आहेत. कोणाचं दार बंद आहे आणि किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे रस्त्यानं वाजत सांगायचं नसतं. म्हणून दोन किल्ल्यांच्या मध्ये एकेक चिंधी येईल अशी त्यांची बैठक आहे. आजी अंगणातून चालत गेली तरी लोखंड लोखंडाला लागत नाही. चिंध्यांचा हा पहिला उपयोग. दुसरा त्याहून मोठा आहे.

प्रत्येक किल्लीला तिची खूण आहे. पुतण्याच्या किल्लीला शर्टाचं बटण. पलीकडच्या घरच्या चिंधीला एक गाठ, त्याच्या भावाच्या चिंधीला दोन. लेकीच्या किल्लीला प्लास्टिकच्या बांगडीचं वेढं. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली सुतळीच्या जाड गोंड्याची. चिंध्यांना रंगही आहेत, पण आजी बोटांनी ओळखते. शेतीची लाईट पुष्कळदा रात्रपाळीची असते. मध्यरात्री कोणी पोरगा दारात येऊन मोटारीची किल्ली मागतो, तेव्हा दिवा लावून रंग बघण्याची गरज नसते. आजी अंथरुणात बसल्या बसल्या गोंडा चाचपते, पिन दाबते, किल्ली काढून देते. दुकानातल्या जुडग्यांवर रंगीत टोप्या मिळतात. हाताला त्या सगळ्या सारख्याच लागतात, अंधारात त्यांचा काही उपयोग नाही.

कुलपांविषयीही सांगायला हवं, कारण जुडग्याचा खरा कस तिथं लागतो. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपं बनवायला घेतली, आणि उत्तर प्रदेशातलं अलीगढ तर कुलपांसाठीच नावाजलेलं. खेड्यातल्या दारांवर पुष्कळदा अलीगढी कुलूप असतं. लिव्हरच्या कुलपात आत पितळेच्या पट्ट्या असतात. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलली गेली तरच खीळ सरकते. सहा महिने धूळ खाल्लेल्या, अवकाळी पावसात भिजलेल्या कुलपात या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. काही जण जाताना कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधून जातात, ते शहाणपणाचं आहे. घरातलं गोडेतेल मात्र घालू नये. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धुळीला धरून ठेवतं. शिसपेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची भुकटी भोकात फुंकली तर कुलूप जास्त दिवस सुरळीत चालतं.

घट्ट कुलपाची किल्ली फिरवायची म्हणजे तिचं अडीच सेंटिमीटरचं डोकं चिमटीत धरून जोर लावायचा. सांधे धरलेल्या बोटांना हे जमत नाही. इथं पिन दुसऱ्यांदा कामाला येते. किल्लीच्या डोक्यातल्या भोकातून पिन आरपार गेलेली असतेच. बाकीच्या किल्ल्या आजी एका बाजूला सारते, पिनेची दोन्ही टोकं दोन बोटांनी धरते आणि फिरवते. चिमटीऐवजी आडवी मूठ मिळाली, तरफ जवळजवळ तिप्पट झाली. तिला कोणी तरफेचा नियम शिकवलेला नाही. पण अवघड नट फिरवताना माणसं पान्याला पाइप घालतात, तेच गणित तिनं किल्लीला लावलं.

ऊस तोडायला गेलेली माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे किंवा खाली बेळगावच्या बाजूला असतात. तिथं त्यांचा मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. कोपीला कुलूप लावण्याजोगं दार नसतं. थंडीत, वाऱ्यात, पहाटे फडावर जायच्या घाईत ती उघडीच असते. यांची कुलपं मात्र शेकडो किलोमीटरवर आजीच्या कनवटीला बांधलेली. हे मला विचित्र वाटतं आणि त्याचं वाईटही वाटतं. ज्यांच्या घामावर साखरेचा धंदा चालतो, त्यांचं दार लावायची सोय वर्षातले सहा महिने त्यांच्याबरोबर नसते.

त्या सहा महिन्यांत गावातली दारं पूर्ण बंद राहत नाहीत. फोन येतो. "माय, पेटीत आधार कार्ड आहे, पोराला फोटो काढून पाठवायला सांग." कोणाचं रेशन कार्ड हवं असतं, कोणाच्या ज्वारीत उंदीर शिरल्याचा संशय येतो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, तेही हंगामाच्या सुरुवातीलाच. अशा वेळी एखाद्या रात्रीपुरतं घर उघडावं लागतं आणि सकाळी पुन्हा किल्ली परत येते. जुडग्यातून एकच किल्ली पटकन निघणं आणि पटकन परत जाणं हे अशा ठिकाणी रोजचं काम आहे. सबंध जुडगा कोणाच्या हाती देता येत नाही. तो विश्वास आजीवर आहे, नेणाऱ्यावर नाही. जुन्या कडीतून एक किल्ली काढायची तर आजी म्हणे, "राहू दे, मीच येते दार उघडायला," आणि पाय ओढत जाई.

जुडग्याच्या या गुणाचा कस २०२० मध्ये लागला. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आसपास कोप्यांमध्येच अडकून पडले. एप्रिलमध्ये सरकारनं त्यांना तपासणी करून घरी जायला परवानगी दिली. गावात आल्यावरही त्यांना काही दिवस वेगळं राहायचं होतं, कोणाच्या अंगाला अंग लागू द्यायचं नव्हतं. एकेक कुटुंब वस्तीच्या तोंडाशी येऊन उभं राही. आजी ओट्यावरूनच विचारी, "कोण?" नाव कळलं की बोटं खूण शोधत, पिन उघडे, आणि ती किल्ली पायरीवरच्या दगडावर ठेवून आजी आत जाई. बाकीच्या किल्ल्यांना कोणाचा हात लागला नाही.

अमेरिकेत सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, आणि साधी सोलणी हातात धरवत नव्हती. त्यातून १९९० साली जाड, मऊ मुठीची सोलणी आणि स्वयंपाकघरातली इतर साधनं बाजारात आली. पुढं ती धडधाकट हातांनीही आनंदानं घेतली. दुखऱ्या हातासाठी केलेली वस्तू सगळ्यांनाच सोपी पडते, हे त्या सोलणीनं मोठ्या बाजाराला पटवलं. मला वाटतं, किल्ल्यांच्या बाबतीत हे अजून नीट झालेलं नाही. दुकानांत नवी साधनं दिसतात, पण त्यांत किल्ल्या स्क्रूनं आवळून चपट्या बसवलेल्या असतात. खिशात त्या छान राहतात, फक्त एक किल्ली काढायला पेचकस लागतो. ज्याच्या किल्ल्या वर्षानुवर्षं बदलत नाहीत, त्याला ते ठीक. जिथं सबंध आळी दसरा-दिवाळीत किल्ली देते आणि पाडव्याच्या सुमारास पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत घेते, तिथं त्याचा उपयोग नाही.

आजीचा जुडगा परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. पिनेचं टोक टोचतं, आणि टोचलेलं बोट घेऊन आजी दोन दिवस कुरकुरते. ओझं फार झालं की टोपीची पकड ढिली होते. मोठं कुलूप फिरवताना पिनेची दांडी किंचित वाकते, ती वरवंट्यानं ठोकून सरळ करावी लागते. काळा नाडा वर्ष-दोन वर्षांत विरतो. हे सगळे दोष बीडच्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात दूर होण्यासारखे आहेत. तीन मिलिमीटरची दांडी, टोक घासून गोल केलेलं, पुढं टोपीऐवजी खाच, मागं स्प्रिंगचं दुहेरी वेटोळं, आणि विरणार नाही अशी सुती पट्टी. आयटीआयची पोरंसुद्धा हे करतील.

मी हे सगळं तिच्यासमोर मांडलं, जमिनीवर खडूनं आकृती काढून. तिनं पिन कनवटीतून काढली, आकृतीशेजारी ठेवली आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. गोल टोक तिला लगेच पटलं. जाड दांडी पटली नाही, कारण तिच्यावर बारक्या पेट्यांच्या किल्ल्यांची भोकं बसणार नाहीत. ही गोष्ट मला सुचली नव्हती. त्यावर तिनंच तोड काढली. बारक्या किल्ल्यांना आधी दोऱ्याचा फासा घालायचा आणि फासा दांडीवर. मग तिनं अंगठा खाचेच्या जागी ठेवून दाबल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हे एका हातानं उघडलं पायजे. दुसऱ्या हातात माझ्या कंदील असतो, न्हाईतर लेकरू." आणि मोटारीची किल्ली मधे नको, कडेला पाहिजे, कारण तीच सगळ्यांत जास्त निघते.