गवत निसवतं तेव्हा

दसरा उलटला की माण-खटावच्या माळावरची कुसळी तांबूस होते. रस्त्याने जाणारे फोटोसाठी गाड्या थांबवतात. मी पशुपोषणाचा माणूस, मला त्या रंगात उतरलेलं प्रथिन दिसतं.

कुसळीचं एक बी ओल्या तळहातावर ठेवून पाहा. शेपटीसारखं काळं कुसळ पीळ सोडत फिरू लागतं आणि टोकदार बूड कातडीत घुसायला बघतं. मातीत शिरायची ही त्याची सोय. पण तेच टोक लोकरीतून मेंढीच्या अंगात शिरतं, हिरड्यांत रुततं. म्हणून शेतकरी कुसळं झडेपर्यंत कापणी लांबवतो, आणि चाऱ्याचा कस तिथेच जातो. पोटरीत असताना या गवतात प्रथिन साधारण 7-8 टक्के असतं, कुसळं झडेस्तोवर ते 3-4 वर येतं.

उष्ण प्रदेशातल्या गवतांचा हा स्वभावच आहे. पानांत शिरांची दाटी, त्यांभोवती जाड भिंतींच्या पेशींचं कडं. कडक उन्हात झपाट्याने वाढायला ही रचना उत्तम, पचायला मात्र जड. निसवल्यावर काड्यांत लिग्निन भरतं. हे सगळं आंबवायचं काम कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांचं, आणि त्यांना नत्र लागतं. ऑस्ट्रेलियात मिलफर्ड आणि मिन्सन यांनी 1960च्या दशकात मेंढ्यांवर दाखवून दिलं की चाऱ्यातलं प्रथिन 7 टक्क्यांखाली गेलं की जनावर खातंच कमी. समोर गंजी असली तरी आधीचंच पोटात पडून असतं, नव्याला जागा कुठली?

फुलोऱ्यात कापा, असं सांगितलं की शेतकरी हसतो. तेव्हा बाजरीची काढणी असते, डोक्यावर परतीचा पाऊस. भिजून काळं पडलेलं गवत कोण खाणार? शिवाय गवत विकलं जातं पेंढ्यांच्या शेकड्यावर. प्रथिनाला भाव नाही. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

म्हणून मी कापणीपेक्षा द्विदल चाऱ्यावर अधिक भर देतो. खडकाळ माळावर स्टायलो चांगली येते. कठीण कवचाचं बी आधी गरम पाण्यातून काढायचं, एवढीच खटपट. गवत वाळलं तरी खोल मुळांमुळे ती हिरवी राहते. गंमत म्हणजे पावसाळ्यात गवत कोवळं असताना गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत, गवत निबर झालं की तिच्याकडे वळतात. वेळापत्रक त्यांना आपल्याहून चांगलं कळतं.

सुबाभूळ अधिक कसदार, पण तिच्या पाल्यात मिमोसिन असतं. केस झडतात, गलग्रंथी सुजते. हवाईतल्या शेळ्यांना हा पाला बाधत नाही, यावरून रेमंड जोन्स यांनी त्यांच्या कोटीपोटातल्या जिवाणूंचा माग काढला आणि ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांत सोडले. पुढे त्या जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं. तरीही आपल्याकडे पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावा, हा जुना सल्ला मी मोडत नाही.

ताटातल्या अडचणी अशा सुटतात. गायरानातल्या सुटत नाहीत. स्टायलो पहिल्या वर्षी हळू वाढते, तेवढं वर्ष तिथे कुणाचीच शेरडं-मेंढरं जाता कामा नयेत. ते ग्रामसभेत ठरतं. पण मेंढपाळांनी त्या वर्षी कुठे चारायचं, हे ठरल्याशिवाय बियाण्याचं पोतं फोडू नये.