मामाची फेरारी आणि तिची मागची सीट

जगातल्या सर्वांत वाईट पन्नास गाड्यांच्या यादीत माझ्या मामाच्या गाडीचं नाव आहे. ही यादी अमेरिकेच्या 'टाइम' मासिकाने २००७ साली प्रसिद्ध केली होती. ती करणारे डॅन नील म्हणजे पुलित्झर पारितोषिक मिळालेले समीक्षक, कुणी ऐरेगैरे नव्हेत. त्यांच्या यादीत आहे ती १९८० सालची 'फेरारी मोंडियाल ८'. मामाकडची मोंडियाल १९८७ची, त्याच कुळातली, पण दोन पिढ्या पुढची. एवढा फरक ऐकून घ्यायला मात्र कुणी थांबत नाही.

फेरारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बंगला, तलाव आणि काळा गॉगल आला असेल तर तो आधी बाजूला ठेवा. माझा मामा इंदूरच्या रामबागेतला. नव्वदच्या दशकात मशीन टूलच्या कामासाठी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला गेला आणि तिथलाच झाला. घर छोटं, एकाला एक लागून असलेल्या ओळीतलं. २०१० साली त्याने ही गाडी घेतली ती सेकंडहँड, आणि एका नव्या साध्या फॅमिली गाडीला जेवढे पैसे पडले असते तेवढ्यात. कारण मोंडियाल ही कितीतरी वर्षं बाजारातली सगळ्यांत स्वस्त फेरारी होती. म्हणून टोमणाही ठरलेला: ज्यांना फेरारी परवडत नाही त्यांची फेरारी.

मामीने पहिल्या दिवशी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. दारामागे दोन्ही बाजूंना इंजिनाला हवा मिळावी म्हणून आडव्या पट्ट्यांच्या मोठ्या जाळ्या आहेत. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अहो, ही खोबऱ्याची किसणी कुणी लावली हिला?" तेव्हापासून आमच्या घरात त्या गाडीचं नाव किसणी.

मी कंटेंट रायटर आहे. 'दहा सर्वोत्तम', 'सात सर्वांत वाईट', 'या पाच चुका टाळा' अशा याद्या लिहिण्यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे यादीचा स्वभाव मला ठाऊक आहे. पन्नास म्हटलं की पन्नास भरावे लागतात आणि प्रत्येकाला दोन-चार ओळींत मारावं लागतं. त्या दोन-चार ओळींत मेलेली वस्तू मग पुढची वीस वर्षं तशीच मेलेली राहते, कारण नंतरचा प्रत्येक जण आधीची यादी वाचून आपली यादी लिहितो.

पण टीकेत तथ्य नव्हतंच असं म्हणणार नाही. पहिल्या मोंडियालचं इंजिन २१४ हॉर्सपॉवरचं होतं. धुराचे नियम कडक होत चालले होते, त्यामुळे इंधन सोडायची पद्धत बदलली होती आणि ताकद कमी झाली होती. त्यात गाडी जड. शिवाय विजेच्या तारांबद्दल तक्रारी होत्या. फेरारी म्हणून पैसे मोजलेल्या माणसाला ती सुस्त वाटली असेल, तर त्याचा राग समजू शकतो.

आता गंमत ऐका. त्याच १९८० साली फेरारीच्या '३०८' या दोन सीटच्या गाडीतही तेच इंजिन आलं, तेवढ्याच २१४ हॉर्सपॉवरचं. ही ३०८ म्हणजे 'मॅग्नम पी. आय.' या अमेरिकन मालिकेत टॉम सेलेकने पळवलेली लाल गाडी. तिची पोस्टर्स पोरांच्या खोल्यांत लागली. १९८२ साली दोघींनाही प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्हचं नवं इंजिन मिळालं, ताकद २४० झाली. १९८५ साली दोघींचं इंजिन ३.२ लिटरचं झालं, ताकद २७०. म्हणजे सख्ख्या बहिणीच, काळीज एकच. एक लाडकी, दुसरी बिचारी.

फरक कशाचा? मोंडियालच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६५० मिलीमीटर आहे, ३०८चं २३४०. सगळं भांडण या एका फुटाचं आहे. त्या फुटात मागच्या दोन सीट आहेत.

हे वाटतं तितकं सोपं काम नाही. या गाड्यांचं इंजिन पुढे बॉनेटखाली नसतं. ते माणसांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असतं, म्हणजे नेमकं जिथे एरवी मागची सीट असते तिथे. इंजिन तिथेच ठेवून शिवाय माणसंही बसवायची म्हणजे एका खोलीच्या घरात लग्नाचं बिऱ्हाड उतरवण्यासारखं आहे. गाडी लांबली, छप्पर उंच झालं, पिनिनफारिनाच्या रेषा थोड्या पोटाळल्या. नुसतं दिसणं बघणाऱ्याला ते खटकणारच. पण ती १९९३ पर्यंत बनत राहिली, सगळ्या प्रकारांत मिळून सहा हजारांहून जास्त. छप्पर उघडणारी मोंडियालसुद्धा निघाली. त्यानंतर फेरारीने चार सीटच्या गाड्या बऱ्याच केल्या, पण सगळ्यांची इंजिनं पुढे. तो जुना खटाटोप पुन्हा नाही केला.

मामाला मी विचारलं होतं, एवढीच हौस होती तर थोडे पैसे साठवून ती लाडकी बहीण का नाही घेतलीस? तो म्हणाला, "आणि कुणाला घरी ठेवायचं? मामीला की दादाला?"

हे उत्तर कुठून आलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आजोबांकडे एक चेतक होती. पुढे उभा मामा, मग आजोबा, त्यांच्या पाठीशी चिकटलेली माझी आई, आणि मागे एका बाजूला पाय सोडून आजी, मांडीवर डबा. राजवाड्यापर्यंत असेच जायचे. मामा सांगतो की वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायचं, पण स्कूटरवरून उतरायचं मन होत नसे. वेग म्हणजे काय हे तो तिथे शिकला, आणि त्याच्या डोक्यात वेगाबरोबर माणसं कायमची चिकटून बसली.

एका गणपतीत तिथल्या मराठी मंडळींपैकी एकांनी आरतीनंतर फोन काढून ती यादी सगळ्यांना वाचून दाखवली होती. मोदक खाता खाता हशा झाला. मामा शांतपणे म्हणाला, "खरंय. आता ज्यांना घरी सोडायला हवंय त्यांनी हात वर करा." बारा हात वर झाले म्हणे, त्यातला एक यादी वाचणाऱ्यांच्या मुलाचा.

मी स्वतः त्या गाडीत बसले ते दोन वर्षांपूर्वी, एक नोकरी सोडून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या दीड महिन्यात. मी गेले ते मात्र गाडीसाठी नाही. मामाच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू झाला होता.

काचबिंदू चोरासारखा येतो. दुखत नाही, समोरचं बराच काळ नीट दिसतं, आणि कडेकडेने नजर कमी होत जाते. मामा म्हणायचा की हळूहळू नळीतून बघितल्यासारखं होत चाललंय. थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात राहतो, पण गेलेली नजर परत येत नाही. (सख्ख्या भावंडांना आणि मुलांना याचा धोका जास्त असतो. आईची तपासणी आम्ही त्याच आठवड्यात इंदुरात करून घेतली. तुमच्या घरी कुणाला असेल तर तुम्हीही करून घ्या.) इंग्लंडमध्ये दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असेल तर लायसन्स खात्याला कळवावंच लागतं. मग नजर कडेला किती पोचते याची तपासणी होते. मामाने स्वतःहून कळवलं आणि तपासणीत तो नापास झाला. पत्र आलं त्या दिवशी त्याने गाडीची किल्ली मामीच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. देवाला वाहिली की काय, आम्हाला कळेना.

दादाचं, म्हणजे माझ्या मामेभावाचं म्हणणं सरळ होतं. अशा गाड्यांना आता भाव येतोय, विकून टाका. नुसती उभी ठेवली तर खराब होईल, आणि इंजिनाचे पट्टे ठरावीक वर्षांनी बदलायचा खर्चच केवढा. त्याचं काही चूक नव्हतं. मामाही हो म्हणाला. दोन जण गाडी बघून गेले. त्यातला एक त्याच्यासमोरच म्हणाला, खरी फेरारी असती तर आणखी पैसे दिले असते.

मामी चहा घेऊन येत होती. तिने ते ऐकलं आणि ट्रे खाली ठेवला. एरवी किसणी, किसणी म्हणून चेष्टा करणारी मामी त्या माणसाला इंग्रजीत म्हणाली की गाडी विकायची नाही, चहा घ्या.

पण मामीचं लायसन्स होतं ऑटोमॅटिकचं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली असेल तर गिअरची गाडी चालवता येत नाही, परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मामी अठ्ठावन्न वर्षांची. ती आठवड्यातून दोनदा शिकवणीला जाऊ लागली, एका छोट्या पांढऱ्या हॅचबॅकवर. घरी आली की पोळ्या लाटता लाटता डावा पाय दाबून उजवा सोडायची. मी हसले तर म्हणाली, "हस तू. क्लच कळला की सगळं कळतं." पहिल्यांदा चढावर गाडी मागे गेली आणि नापास. दुसऱ्यांदा पास.

ती परीक्षेला जाईपर्यंत मामा काहीच बोलला नव्हता. पास झाल्यावर मात्र त्याने तिला अंगणात उभ्या गाडीत बसवून आठवडाभर गिअर शिकवले. या गाडीचा पहिला गिअर डावीकडे मागे असतो आणि दांडा धातूच्या खाचांमधून फिरतो, टकटक आवाज करत. त्या काळच्या फेरारींचं तेल थंड असताना दुसरा गिअर नीट पडत नाही, म्हणून सुरुवातीला पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर जायचं असतं. मामी म्हणाली, "म्हणजे सासूबाईंसारखंच. सकाळी चहा होईपर्यंत काही विचारायचं नाही."

आणि मग एका रविवारी आम्ही निघालो. मामी स्टिअरिंगवर, तिच्या डावीकडे मामा, मागे मी. माझी उंची पाच फूट दोन इंच. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते, डोकं काचेपासून चार बोटं दूर. आरामदायी होतं असं म्हणणार नाही. पण पाठीशी काही इंचांवर आठ सिलिंडर चालू असतात, आणि तो आवाज कानांतून यायच्या आधी मणक्यातून येतो. पुढे बसणाऱ्यांना तो इतका जवळून मिळत नाही.

कॉव्हेंट्रीच्या दक्षिणेला फॉस वे म्हणून रस्ता आहे, रोमन लोकांनी आखलेला, मैलोन्‌मैल जवळजवळ सरळ. मामाने तोच निवडला होता. त्याने डोळे मिटून घेतले आणि नुसत्या आवाजावरून तो मामीला सांगू लागला. "थांब. अजून नाही. अजून थोडं येऊ दे. हं, आता टाक." टक, आणि गाडी पुढे. "आता सोड पाय. बघ, तिला धाप लागली होती." मामी घामाघूम. तिने रस्त्यावरची नजर एकदाही हलवली नाही, पण दर वेळी त्याने सांगितलं की बरोबर त्याच क्षणी हात हलवत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याचं इतकं कधी ऐकलं नसेल.

'सेंट ऑफ अ वुमन' हा १९९२चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. अल पचिनोला ऑस्कर मिळवून देणारा. त्यात तो आंधळा कर्नल न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लाल फेरारी पळवतो आणि शेजारी बसलेला मुलगा त्याला वळणं सांगतो. ती फेरारीही मोंडियालच, उघड्या छपराची. मामाचा तो लाडका सिनेमा. डोळ्यांचं कळल्यापासून त्याने तो लावला नव्हता, आणि आम्हीही विषय काढत नव्हतो. त्या दिवशी परत येताना त्यानेच काढला. म्हणाला, "त्या पोराची जागा मला मिळाली. बरी आहे."

मी इंदूरला परतले. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मला जुन्या वाईट गाड्यांची यादी लिहायचं काम आलं. ती मी लिहिली, मोंडियाल सोडून. संपादकाने विचारलं की ही राहिली का, सगळ्यांच्या यादीत असते. मी त्यांना वरचे सगळे आकडे पाठवले, २१४ पासून २६५० पर्यंत. त्यांनी 'ओके' एवढंच लिहिलं.

दादाने विकायचा विषय सोडलाय. त्याची मुलगी चार वर्षांची झाली आणि तिला किसणीतून फिरायचंय. मामी तिच्यासाठी सीट बघायला दुकानात गेली होती. कुठल्या गाडीत कुठली सीट बसते याचा दुकानात तक्ता असतो. मोंडियालचं नाव त्यात नव्हतं. विक्रेता म्हणाला, मॅडम, ही गाडी लहान मुलांसाठी नसते. मामीने पर्समधून टेप काढली आणि सीटची रुंदी मोजायला घेतली.